कोरोंदीच्या डोहातली पहिली ओंजळ

कोरोंदीचा डोह उघडायच्या आत आम्हाला तिथं पोचायचं होतं. काम एवढंच होतं आणि ते आमच्या बापाच्यानं होईलसं दिसत नव्हतं. मोप्तीच्या बंदरावर सुकी मासळी विकायला आलेली एक बाई बोलता बोलता सांगून गेली होती, की डोहाकाठच्या तळावर कुणाच्या तरी पायातून नारू बाहेर आलाय. कुणाच्या, ते तिनं सांगितलं नाही. विचारल्यावर टोपली डोक्यावर घेऊन चालती झाली.

पूर ओसरला की त्या डोहात मासे अडकून पडतात. वर्षभर तिथं कुणी गळसुद्धा टाकायचा नाही. मग चंद्र बघून ठरवलेल्या एका दिवशी पंचक्रोशीतली झाडून सगळी माणसं जाळी आणि टोपल्या घेऊन एकदम पाण्यात उतरतात. पुढं मासे सुकेपर्यंत त्यांचा मुक्काम काठावरच, आणि प्यायला पाणी डोहाचंच. नारू झालेला पाय त्या पाण्यात एकदा बुडाला की संपलं! नारूची पिल्लं पाण्यात सुटतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या पाणपिसवांच्या पोटात जातात, आणि माणसं पाण्याबरोबर पाणपिसवा पितात. वर्ष उलटलं की घराघरात कुणी ना कुणी पाय धरून विव्हळत पडलेलं असतं. सगळ्या देशातून आम्ही हा रोग हाकलत आणला होता. शेपूट तेवढं उरलं होतं आणि ते कोरोंदीत वळवळत होतं.

मी अंबेरे तेंबेली. जातीनं डोगोन, कड्याखालच्या गावातला, कांदे पिकवणाऱ्या घरातला. नारूशी माझं वैर जुनं आहे. माझ्या थोरल्या भावाच्या घोट्यातून तो निघाला, तेव्हा शेजारच्या शहाण्यानं चटकन ओढून काढतो म्हणून हिसका दिला. नारू आत तुटला. पाय सुजला, सडला, आणि ऐन पेरणीत भाऊ गेला. तेव्हापासून मी त्या किड्याचा द्वेष करतो, माणसाचा करावा तसा. म्हणूनच या कामात आलो. पाण्याची मला भीती वाटते, पोहता येत नाही, होडीत बसलं की पोटात ढवळतं, तरीही आलो.

आमची प्रमुख न्येले सोगोबा. सेगूकडची परिचारिका. बांधा लहान, आवाज मोठा, आणि दया फक्त रोग्यांवर. होडी होती बाकाइनाची. बाकाइना बोझो, म्हणजे नदीवर जन्मून नदीवर मरणाऱ्या जातीचा. आता डोगोन आणि बोझो यांच्यात थट्टेचं नातं असतं. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, रागवायचं नाही. जो रागावला तो हरला. मात्र एकमेकांचं रक्त सांडायचं नाही, आणि अडल्या वेळी दुसऱ्यानं हात पसरला तर नाही म्हणायचं नाही. बाकाइनानं मला बघताक्षणी न्येलेला विचारलं, की औषधाच्या पेटीशेजारी हे कांद्याचं पोतं कशाला चढवताय. मी म्हटलं, माशाच्या घाणीवर उतारा म्हणून. त्यानंतर आम्ही दोघं अखंड भांडत होतो.

देबो सरोवर लागलं तेव्हा उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. आभाळ धुळीनं मळकट झालं होतं. किनारा दिसेना. पाणी आणि आभाळ यांच्यातली रेघच पुसली गेली होती, आणि त्या मळकट पसाऱ्यात आमची लांबोडकी होडी एकटीच हेलकावत होती. लाटा काठावरून आत येऊ लागल्या. मी भोपळ्याच्या कवटीनं पाणी उपसत होतो. उपसावं तेवढं पुन्हा आत येत होतं. न्येले औषधाच्या पेटीवर आडवी पडून पेटी धरून होती. बाकाइना मागं उभा राहून बांबू रोवत होता, ओरडत होता, आणि त्याच्या तोंडची प्रत्येक शिवी माझ्या नावानं होती. दुपार कलली तसा वारा पडला. मला तीनदा उलटी झाली होती, आणि त्या प्रत्येक उलटीवर बाकाइनाकडे बोलायला काहीतरी होतं.

पण वारा बरा म्हणायची वेळ पुढं आली. सरोवराच्या पलीकडे बुर्गू गवताचं रान आहे. पाण्यातून माणसाच्या डोक्याच्याही वर वाढलेलं, पाती धारदार, आणि त्यातून होडीपुरत्या अरुंद वाटा. पाणी उतरतं तशा या वाटा रोज बदलतात. काल जिथून गेलो तिथं आज चिखल. आम्ही आत शिरलो आणि थोड्याच वेळात हरवलो. बाकाइना ते कबूल करायला तयार नव्हता. तो म्हणायचा, वाट बरोबर आहे, पाणी चुकलंय. गवत हातांना, गालांना कापत होतं. डास दिवसाढवळ्या चावत होते. वारा आत येत नव्हता, आणि उन्हानं पाण्याला कुजका वास सुटला होता. त्या रानाला आम्ही नको होतो, हे ते जागोजाग कळवत होतं.

तहान लागली की आम्ही गळ्यातल्या नळीनं पाणी प्यायचो. बोटभर लांबीची नळी, तिच्या तोंडाशी बारीक जाळी, पाणपिसवा बाहेरच राहतात. मी काठावरून वाकून नळीनं पाणी ओढताना बघून बाकाइना म्हणाला, आमच्याकडे वासरं अशी पितात. पण त्याच्याही गळ्यात नळी होती आणि तोही तसाच प्यायचा, आमची नजर चुकवून.

त्या दिवशी एका वळणावर तो एकाएकी गप्प झाला. बांबू हवेतच थांबला.

समोर पाणी फुगलं. दोन कान दिसले. मग डोळे. पाणघोडा! मादी होती, आणि तिच्या पाठीशी पिल्लू होतं. बाकाइनानं होडी मागं रेटली. मागं गवत! होडी अडकली. मादीनं जबडा उघडला. तो उघडतच गेला. मग ती पाण्याखाली गेली आणि मी श्वास सोडला. चूक! होडी खालून उचलली गेली. लाकूड मोडल्याचा आवाज झाला. आभाळ फिरलं. पाणी! नाकात, तोंडात, डोळ्यांत, सगळीकडे पाणी! पायाला तळ नाही. हाताला गवत लागलं, तुटलं. पुन्हा लागलं, पुन्हा तुटलं. कुणीतरी माझ्या केसांना धरलं आणि असं ओढलं की टाळू निघून येते की काय वाटलं.

“लाथा मारू नकोस, गाढवा! कांदासुद्धा तरंगतो रे, तू का बुडतोस?”

बाकाइनानं मला गवताच्या एका तरंगत्या ढिगावर फेकलं आणि परत पाण्यात सूर मारला. न्येलेला पोहता येत होतं. ती आधीच वर चढून खोकत बसली होती. पाणघोडी पुन्हा एकदा वर आली, तिनं आमच्या होडीचा उरलेला भाग चावला, थुंकावा तसा सोडला आणि पिल्लाला घेऊन निघून गेली. एवढा वेळ आम्ही हललो नाही.

पेटी बुडाली. बाकाइनानं पुन्हापुन्हा बुड्या मारल्या, पण खाली कमरेएवढा गाळ होता. त्या पेटीत पाण्यात टाकायचं औषध होतं, पाणपिसवा मारणारं. तेवढ्यासाठी तर आम्ही आलो होतो! मी न्येलेकडे पाहिलं. ती शिव्या देईल वाटलं होतं, पण ती पाठीवरची गाठ तपासत होती. लेकरू बांधावं तसं तिनं मलमपट्टीचं सामान आणि गाळण्याची कापडं पाठीला बांधली होती. तेवढं वाचलं होतं.

मी म्हटलं, परत फिरू. औषधाशिवाय जाऊन तिथं हात चोळत बसायचं काय? ती म्हणाली, पाय सापडला तर औषधाची गरजच नाही. नारूवाला माणूस डोहात उतरला नाही म्हणजे झालं. आणि परत कशात बसून जाणार होतो आम्ही?

मग चालणं. खरं तर चालणं नव्हे, चिखलातून स्वतःला उपसत पुढं जाणं. कधी गुडघाभर, कधी मांडीपर्यंत. बाकाइना पुढं, एका काठीनं तळ चाचपत. एके ठिकाणी न्येले छातीपर्यंत रुतली आणि तिला ओढताना आम्ही दोघंही तोंडावर आपटलो. संध्याकाळच्या आत दूरवर धूर दिसला. मासे भाजल्याचा वास आला आणि भुकेनं माझे डोळे भरून आले. बाकाइना वळून म्हणाला की आता तळावर बोलायचं काम त्याचं, कारण माझं तोंड बघून कुणाचंही जेवण बिघडेल.

त्याला बोलायची वेळच आली नाही. आधी कुत्री आली. मग तीन दातांचे भाले घेतलेली तरणी माणसं. त्यांच्यामागं गर्दी, बायका, माणसं, म्हातारे. डोहाचा दिवस उद्याच होता! पंचक्रोशी येऊन उतरली होती आणि त्या सगळ्या पंचक्रोशीला आम्ही नकोसे होतो. मागं कधीतरी सरकारी माणसांनी इथली जाळी जप्त केली होती. त्याच वर्षी डोहातले मासे पांढरी पोटं वर करून मेले. सरकारी माणसांनीच पाण्यात विष टाकलं, असं लोकांनी धरून ठेवलं होतं. आता तेच विष घेऊन पुन्हा आलात, असं ओरडणं सुरू झालं. एकानं भाल्याचं टोक न्येलेच्या गळ्याशी धरलं. दुसऱ्यानं तिच्या पाठीवरचं गाठोडं हिसकून जमिनीवर सोडलं. चिंध्या आणि कापडं! आमचे खिसे, कंबर, बाकाइनाची टोपी, सगळं झडलं. विष कुठंच नाही.

“होडी कुठंय तुमची?” भालेवाल्यानं विचारलं.

“पाणघोडीनं खाल्ली,” बाकाइना म्हणाला. “सामानही तिनंच खाल्लं. विष असेल तर आता तिच्या पोटात बघा.”

कुणीतरी हसलं. भाला थोडा खाली आला. पेटी हातात असती तर त्या दिवशी आमचं काय झालं असतं, हा विचार मी अजूनही टाळतो. त्या रानातल्या पाणघोडीचे आमच्यावर उपकार आहेत, पण ती भेटली तर मी आभार मानायला थांबणार नाही.

त्यांनी आम्हाला एका मांडवाखाली बसवलं आणि राखण ठेवली. खायला मात्र दिलं, भात आणि भाजलेला मासा. शत्रूलाही उपाशी ठेवत नाहीत हे लोक. खाताना न्येले येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत होती. नागडे पाय, चिखलाचे पाय, लेकरांचे पाय. नारू कुठंच दिसेना. कुणाला विचारलं की माणूस नजर खाली घालायचा. मग माझ्या लक्षात आलं, की ज्याच्याविषयी विचारताच सगळ्यांची वाचा बसते, असा माणूस तळावर एकच असणार.

जेनेपो बाबा. जातीनं बोझो. पाण्याचा धनी. त्या डोहातल्या माशांचा, पाण्याचा आणि पाण्यातल्या देवतांचा कारभार त्याच्या घराण्याकडे. सकाळी डोह उघडताना पहिलं पाऊल पाण्यात टाकायचं ते त्यानं, पहिली ओंजळ प्यायची ती त्यानं. मग तो हात वर करतो आणि बाकीचे उतरतात. तो खोपटीसमोर चटईवर बसला होता, उकाड्यातही पायांवर जाड घोंगडी घेऊन.

न्येले सरळ पुढं गेली, मांडी घालून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, “बाबा, घोंगडी काढा.”

आमच्या राखणदारांच्या अंगावर काटा आला असावा. बाबानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, “तू कुणाची कोण?”

“तुमच्या पायाची वैरीण नाही.”

घोंगडी त्यानं स्वतःच बाजूला केली. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून चकाकत होता. घोट्यावरचा फोड फुटला होता आणि त्यातून पांढरा दोरा बाहेर लोंबत होता. माझा भाऊ डोळ्यांसमोर आला. मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि त्या दोऱ्याला दगडानं ठेचावंसंही वाटलं.

न्येलेनं पाय धुतला, नारूला काडीभोवती हळूच एक वेढा दिला, पट्टी बांधली. मग तिनं सांगितलं, की हा सगळा बाहेर यायला बरेच दिवस लागतील, रोज थोडा थोडा, आणि तोवर पाय पाण्यात घालायचा नाही. उद्याही नाही. बाबा म्हणाला, मग उद्या मला पुरा. कारण धनी जिवंत असताना दुसऱ्या कुणाचं पाऊल आधी पडलं, तर धनी मेला असं पाणी समजतं, आणि पाण्यानं एकदा समजलं की माणूस वर्ष काढत नाही. त्याच्या मुलाचं पाऊलही चालत नाही. दिवस पुढं ढकलावा? पाणी रोज उतरत होतं, मासे तडफडायला लागले होते, आणि जमलेली माणसं उपाशी परत कोण पाठवणार? बाकाइनानं समजावून पाहिलं. त्याला बाबानं विचारलं, तू बोझो आहेस ना? मग लाज कुठं सोडलीस? बाकाइनानं टोपी डोळ्यांवर ओढली.

न्येलेनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता आणि हार होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशा म्हाताऱ्यापुढं तिची सगळी विद्या संपली होती. मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला, आणि त्या संतापातच मला आमची जुनी गोष्ट आठवली. दुष्काळात दोन भाऊ रान तुडवत होते. धाकटा भुकेनं कोसळला. थोरल्यानं झाडाआड जाऊन स्वतःच्या मांडीचं मांस कापलं, भाजलं आणि त्याला खाऊ घातलं. थोरल्याचे वंशज बोझो, धाकट्याचे आम्ही डोगोन. एकमेकांचं रक्त सांडायचं नाही, ते तेव्हापासून.

मी पुढं होऊन बाबाच्या चटईवर त्याला खेटून बसलो. विचारलं नाही, नमस्कार नाही. थट्टेच्या नात्यात ते चालतं.

“म्हाताऱ्या,” मी म्हटलं, “माझ्या अंगावर हे मांस कुणाचं आहे?”

त्यानं मान वळवली. “कांद्याचं.”

“कांद्यानं असल्या मांड्या होत नसतात. तुझ्या पूर्वजानं स्वतःची मांडी कापून माझ्या पूर्वजाला चारली. होय की नाही?”

“होय. आणि चूक केली. डोगोन फुकट जगले.”

“मग माझा पाय हा तुझाच पाय आहे. आजवर उसना वापरला. उद्या परत करतो. पाण्यात मी उतरतो, पाऊल तुझंच पडेल.”

बाबाच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. तो रागावला असता तर नात्याच्या नियमानं हरला असता. नाही म्हणाला असता, तरी डोगोननं पसरलेला हात झिडकारला असं झालं असतं. त्यानं भोवती जमलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहिलं. त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला की गोष्ट खरी आहे, मांस बोझोचंच आहे.

“पोहता येतं तुला?” बाबानं विचारलं.

“नाही.”

“छान. आमच्या देवतांना डोगोन कधी मिळत नाही.” तो थांबला. “ओंजळही तूच प्यायचीस. माझी ओंजळ.”

न्येलेनं पटकन माझ्या गळ्यातली नळी वर उचलून दाखवली. बाबानं मान हलवली. नळी नाही. हातानं!

आता माझ्या तोंडचं पाणी पळालं. उतरणं वेगळं आणि पिणं वेगळं. फोड फुटल्यापासून या म्हाताऱ्यानं तो पाय डोहात कधी बुडवला असेल, तर एव्हाना डोह नारूनं भरलेला असणार. नारूची आग पाण्यानंच शमते. सगळे रोगी पाण्याकडेच धावतात. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, डोह बंद असताना धन्यानंही त्यात पाय घालायचा नसतो, मी घातलेला नाही. पण आग व्हायची तेव्हा डोहाचं पाणी आणवून रांजणात पाय सोडून बसायचो. सून आणायची.

सून मागं चुलीशी उभी होती. कादिया तिचं नाव. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, की पाय बुडवलेलं ते पाणी नंतर कुठं ओतायचीस?

तिनं बाबाकडे पाहिलं. मग चुलीकडे. बराच वेळ गेला.

“काय विचारलं?” बाबा म्हणाला.

“वाळूत,” ती म्हणाली.

“रोज?” मी विचारलं.

“रोज.”

माझं सगळं लक्ष तिच्या त्या थांबण्याकडे होतं. ती खोटं बोलत होती! मला तसं स्वच्छ वाटलं. न्येलेलाही वाटलं; ती मला बाजूला घेऊन म्हणाली, अंबेरे, तुला कुणी जबरदस्ती करणार नाही. मी म्हटलं, मी नाही उतरलो तर तो उतरेल. माझ्याकडे दुसरी वाट नव्हती.

सकाळी सगळा काठ माणसांनी भरला. टोपल्या, जाळी, भोपळ्याच्या कवट्या. बाबाला चटईसकट उचलून काठावर आणलं होतं. बांधलेला पाय उंच ठेवला होता. त्यानं पाण्यात बाजरीची पेज शिंपडली, पुटपुटला, आणि माझ्या मांडीवर हात ठेवून माझ्याऐवजी स्वतःचं नाव घेतलं. मी नळी काढून न्येलेकडे दिली.

मी उतरलो. गाळ पायाखाली सरकला. पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरेला! काहीतरी गुळगुळीत पायाला घासून गेलं आणि मी किंचाळायचा राहिलो. ओंजळ भरली. पाणी हिरवट होतं, कोमट होतं. भाऊ आठवला. प्यालो. सगळं प्यालो. मग हात वर केला.

जो आवाज उठला तो मी जन्मात विसरणार नाही. शेकडो माणसं एकदम पाण्यात! कुणाच्या तरी टोपलीनं मी आडवा झालो, डोक्यावरून जाळं गेलं, नाकात पाणी. पाण्याखाली मासे आणि पाय, पाय आणि मासे! मी बुडत होतो आणि माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. बाकाइनानं मला पुन्हा केसांना धरून बाहेर काढलं.

“आता हे नेहमीचंच झालं,” तो धापा टाकत म्हणाला. “टक्कल कर, म्हणजे सुटेन मी.”

न्येले तिथंच राहिली, बाबाचा नारू रोज एक वेढा गुंडाळत, आणि बायकांना कापडानं पाणी गाळायला शिकवत. शेवटी तो सगळा निघाला, अखंड. तिनं तो जाळला. मी त्याआधीच परतलो होतो.

पुढचं वर्ष मी कसं काढलं, ते माझी बायको सांगेल. मी रोज सकाळी उठून आधी पाय बघायचो. नारू आत वाढत असला तरी वर्षभर कळत नाही. तो हळूहळू खाली उतरतो आणि मग एक दिवस फोड येतो. टाचेला डास चावला तरी मला घाम फुटायचा. आणि प्रश्न माझ्या एकट्याच्या पायाचा नव्हता. मला झाला म्हणजे त्या काठावरच्या सगळ्यांना झाला! मी शेतात कांदे लावत असायचो आणि मनात त्या सुनेचं थांबणं पुन्हा पुन्हा ऐकायचो.

पूर पुन्हा ओसरला, दिवस पुन्हा आला, आणि मला जावंच लागलं. पाण्यानं आता तुझं पाऊल ओळखलंय, असा बाबाचा निरोप होता. या वेळी होडी धड पोचली. बाबा आणखी थकला होता, पण स्वतःच्या दोन पायांवर उभा होता. न्येले काठावर बसून आलेल्या प्रत्येक माणसाचे पाय बघत होती. दिवसभर बघितले. एकही फोड नव्हता. एकही! संध्याकाळी तिनं माझे पाय बघितले, स्वतःच्या हातानं, आणि मग ती रडली. मीही रडलो.

कादिया आमच्यासाठी भात घेऊन आली. जवळपास कुणी नव्हतं. मी तिला म्हटलं, बाई, त्या दिवशी तू खरं बोलत होतीस, तर मग एवढी थांबलीस का?

तिनं मागं वळून पाहिलं, सासरा दूर आहे याची खात्री केली आणि खाली बसली.

“डोहातनं काढलेलं पाणी डोहातच परत ओतायचं असतं. आमच्याकडे तशी रीत आहे. बाबा रोज बजावायचे, डोहात ओतून ये. मी हो म्हणायची आणि खोपटीमागं वाळूत ओतायची. तेच पाणी आम्ही प्यायचं ना? मला किळस यायची. त्यांना कळलं असतं तर मला माहेरी धाडलं असतं.”

“नंतर तू काय सांगितलंस त्यांना?”

“तुमच्यासमोर खोटं बोलले म्हणून सांगितलं. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून. पाणी डोहातच ओतलं होतं म्हटलं. खूश झाले.”

एवढ्या लोकांचे पाय तिच्या किळसेनं वाचले होते, आणि ते सांगायची तिला चोरी होती. बाबा आता हयात नाही, म्हणूनच आज मी हे सांगतो आहे.

“वर्षभर झोप नाही लागली मला,” मी म्हटलं. “बाजूला घेऊन एक शब्द सांगायचा होतास.”

“आणि तू?” तिनं भात माझ्यापुढं सरकवला. “बाजूला घेऊन विचारायचं होतंस. सासऱ्यासमोर सुनेला कुणी खरं विचारतं होय?”